रोजची भाकर : तापीकाठच्या ज्वारीची गोष्ट



प्रभूने शिकवलेली प्रार्थना मराठीत म्हणताना आपण पित्याजवळ पोळी मागत नाही, पक्वान्न मागत नाही. आपण 'भाकर' मागतो. जुन्या गुजराती बायबलात त्याच जागी 'रोटली' हा शब्द आहे. रोटली म्हटली की गव्हाची. भाकर म्हटली की आपल्या खानदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे ज्वारीच उभी राहते. सुरतेत राहणारे आपण एकाच मंदिरात, एकाच पित्याला, दोन भाषांत दोन वेगळ्या धान्यांची नावे घेऊन हाक मारतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी ही भाकरी फक्त मे महिन्याच्या सुट्टीत, आजीकडे गेल्यावर खाल्लेली असते. ओठांवर रोज भाकर, आणि ताटात महिनोन्‌महिने नाही. म्हणून आज या भाकरीचा इतिहास थोडा पाहू या.

भाकरीच्या गावात दुष्काळ

'बेथलेहेम' या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो. रूथचे पुस्तक उघडले की पहिल्याच वचनात त्या गावात दुष्काळ पडलेला दिसतो. अलीमलेख आणि नामी आपल्या दोन मुलांना घेऊन मवाब देशात पोट भरायला जातात. गाव सोडून परक्या मुलखात बिऱ्हाड मांडणे म्हणजे काय, हे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या आपल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे लूमच्या कामासाठी इथे आली, त्यांतल्या कितीतरी घरांच्या मागे कोरडी विहीर आणि करपलेले शेत आहे.

पुढे विधवा झालेली नामी सुनेला घेऊन परतते, तो जवाच्या कापणीचा आरंभ असतो. पवित्र शास्त्र हे मुद्दाम सांगते. देवाने आपल्या लोकांना पुन्हा अन्न दिले आहे ही बातमी नामीला मवाबात कळली होती, आणि ते अन्न म्हणजे शेतात उभे असलेले जव होते.

१६३० सालचा रस्ता

आपण सुट्टीला गावी जातो ती वाट व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी जाते. रेल्वे या वाटेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली, पण वाट फार जुनी आहे. सुरत बंदराचा माल याच मार्गाने तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जात असे.

१६३० साली पाऊस पडला नाही. त्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याकडे निघाला. त्याने वाटेतल्या गावांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही. रस्त्याच्या कडेला प्रेते पडलेली होती, आणि जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचणारी माणसे त्याने पाहिली. पुढच्या वर्षी पाऊस आला तो अतिवृष्टी होऊन. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. देहूला तुकारामबुवांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली, असे परंपरा सांगते.

बादशहा शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात होता. त्याच्या दरबारी इतिहासात बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडल्याची नोंद आहे. तिथे उपाशी माणसाला रोज रस्सा आणि भाकरी मिळे. दुष्काळ त्या लंगरांहून फार मोठा होता. तरी जे वाचले त्यांच्यासाठी ती भाकरी म्हणजे जीवच होता.

छप्पनिया आणि मुक्ती

गुजरातेत म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'छप्पनियो' हा शब्द अजून येतो. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. एरवी सुपीक म्हणून ओळखला जाणारा हा प्रांत त्या वर्षी गुराढोरांसकट उजाड झाला.

या ठिकाणी आपल्या मराठी मंडळीचा एक धागा गुजरातेशी जोडला जातो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली वाचवून आणल्या होत्या. १९०० साली त्यांनी गुजरातेतल्या अनाथ, उपाशी मुलींसाठी केडगावच्या मुक्तिसदनाचे दार उघडले. तिथल्या माणसांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. इतक्या तोंडांना दोन वेळा खाऊ घालायचे म्हणजे किती दळण, किती थापणे, किती तवे, याचा अंदाज चुलीपुढे बसलेल्या बाईलाच येईल. रमाबाईंनी मुलींना नुसते जेवायला घातले नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे शिकवली. त्यांच्या सेवेची सुरुवात मात्र ताटापासून झाली. उपाशी मुलीला आधी भाकर, मग अक्षर.

गरिबांचे धान्य

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहान सांगतो. यहूदियात गहू थोरामोठ्यांचा आणि जव गरिबांचे. अलीशा संदेष्ट्याच्या काळात शोमरोनाचा वेढा उठण्याआधी बाजारभावाचे भविष्य सांगितले गेले, त्यातही एका शेकेलात सपीठ एक माप आणि जव दोन मापे, असा हिशेब आहे. त्या मुलाची शिदोरी म्हणजे गरीब घरचे रोजचे जेवण होते. प्रभूने तीच हातात घेतली, तिच्यासाठी उपकार मानले, आणि पाच हजारांना पुरवली. तिच्या जागी गव्हाच्या भाकरी आणवल्या नाहीत.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नागलीची तीच गत होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. ते दिवस काढलेल्या पिढीच्या मनात भाकरी आणि गरिबी यांची गाठ पक्की बसली. हातात चार पैसे आल्यावर घरात गहू आला, पाहुण्यांसमोर पोळी वाढली जाऊ लागली, आणि भाकरी मागे सरली. त्यांना दोष कसा द्यावा? उपाशी राहिलेल्या माणसाला आपल्या लेकराच्या ताटात पांढरी पोळी पाहून समाधान वाटणारच.

पण आता काळ उलटला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला १ रुपया, गहू २ आणि तांदूळ ३ रुपये असे दर होते. प्रत्यक्ष पिशवीत मात्र गहू-तांदूळच येत राहिले, आणि २०२३ पासून ते फुकट मिळतात. त्याच २०२३ ला संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हटले. २०२३-२४ च्या खरिपात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, आणि त्यानंतरच्या गव्हाचा २,२७५. अलीशाच्या बाजारात गरिबांचे धान्य निम्म्या किमतीला होते. आज ते गव्हाहून महाग आहे. ज्यांच्या घामावर ही भाकरी शेकडो वर्षे टिकली, त्यांच्याच मुलांना ती परवडेनाशी व्हावी, ही गोष्ट प्रार्थनेत पित्यापुढे ठेवण्यासारखी आहे.

आपल्या चुलीवर

तरीही आठवड्यातून दोनदा भाकरी करणे बहुतेक घरांना जमेल. पीठ थोडे, आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळे झाले की भाकरी थापताना कडेने चिरते, आणि नव्या सुनेला वाटते आपला हातच चांगला नाही. पीठ कढत पाण्यात भिजवावे, तळहाताच्या टाचेने चांगले मळावे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा. मग पापुद्रा सुटतो.

खानदेशात ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. धान्य आणि डाळ एकाच घासात, सोबत ठेचा किंवा वांग्याचे भरीत. यहेज्केल संदेष्ट्याला देवाने गहू, जव, कडधान्य आणि बाजरी एकाच भांड्यात घालून भाकर करायला सांगितले होते. ती वेढ्यातल्या टंचाईची खूण होती. आपल्या आयांनी तशाच मिश्रणातून लेकरांचे पोषण केले. ताकातल्या कण्या, आंबील, उन्हाळ्यात वाळवलेली बिबडी ही सारी त्याच ज्वारीची रूपे. डांगातून कोणी नागली आणली तर तीही घ्यावी. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट.

आणि सुरतेचे स्वतःचे ज्वारीप्रेम विसरू नका. थंडीत अडाजणला तापीकाठी पोंकाची दुकाने लागतात. निखाऱ्यावर भाजलेली, झोडून काढलेली कोवळी ज्वारी लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. तो आपला हुरडाच. बवाजाने भर दुपारी परक्या रूथला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसवले आणि भाजलेले धान्य दिले. ती पोटभर जेवली, आणि उरलेले तिने घरी सासूसाठी नेले. मुलांना पोंक खाऊ घालाल त्या संध्याकाळी ही गोष्ट जरूर सांगा. मवाबी सुनेला मिळालेल्या त्या मूठभर दाण्यांपुढे दावीदाचा वंश आहे, आणि त्या वंशात भाकरीच्या घरी जन्मलेला आपला प्रभू.

या आठवड्यात एक दिवस घरात भाकरी करा. जेवणाआधी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा आणि 'भाकर' या शब्दाशी क्षणभर थांबा. शेजारच्या खोलीत एखादा नवा आलेला मुलगा एकटा राहत असेल, तर एक भाकरी त्याच्यासाठीही थापा.

हे पित्या, आमच्या पूर्वजांना तू ज्या धान्यावर जगवलेस त्याची आम्हाला लाज वाटू देऊ नकोस. ते पिकवणाऱ्या हातांना योग्य मोल मिळू दे, आणि ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही त्याची आठवण आमच्या ताटापाशी राहू दे. आमेन.