राजाच्या थडग्यांतील नौका



मिसर देशांत नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेस जाते आणि वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेस वाहतो. म्हणून उत्तरेस जाणारा नावाडी शीड उतरवून प्रवाहाबरोबर जाई आणि दक्षिणेस जाणारा शीड उभारी. तेथील प्राचीन चित्रलिपींतही या दोन प्रवासांचीं चिन्हें अशाच दोन नौकांचीं आहेत. ज्यांचा सारा प्रवास नौकेनें होई, त्यांनीं परलोकाची वाटही जलमार्गानेंच कल्पिली, यांत नवल नाहीं.

इ. स. १९२२ मध्यें हॉवर्ड कार्टर यांस तूतनखामेन राजाचें थडगें सांपडलें. त्यांत लांकडाच्या ३५ लहान नौका होत्या. हा राजा विशीच्या आंतच वारला. तेव्हां हीं त्याचीं खेळणीं असावींत, असें एखाद्यास वाटेल. परंतु तसें नव्हे. कांहीं नौकांच्या मध्यभागीं सिंहासन आहे. त्या सूर्याबरोबर आकाशांत फिरण्याकरितां होत्या. कांहींना डोलकाठी, कापडी शीड, दोर आणि रंगविलेली खोली आहे. त्या नदीवरील प्रवासाकरितां. प्रतिकृति ठेवली म्हणजे प्रत्यक्ष वस्तूच दिली, अशी त्या लोकांची श्रद्धा होती.

याहून सुमारें सहाशें वर्षें जुन्या अशा नौका मेकेत्रे नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत हर्बर्ट विनलॉक यांस १९२० मध्यें मिळाल्या. त्यांवर वल्हीं मारणारे नावाडी आहेत. इतकेंच नव्हे, तर सोबतच्या स्वयंपाकाच्या नौकेवर आचारीही आहेत. तूतनखामेनच्या लांकडी नौका मात्र निर्मनुष्य आहेत. अधिकाऱ्यास परलोकींही चाकर हवेत; राजा तर देवांच्या संगतीनें जाणार, असा याचा अर्थ कदाचित् असेल.

गिझा येथील मोठ्या पिरामिडाशेजारीं १९५४ मध्यें खुफू राजाची सुमारें ४३ मीटर लांबीची खरी नौका सांपडली. ती सुटी करून पुरलेली होती. तिचे १,२२४ भाग जुळवावयास अनेक वर्षें लागलीं. आणि तिजबरोबर शीड नव्हतेंच. शीड कसें ताणीत, दोर कोठें बांधीत, हें पहावयाचें तर या चिमुकल्या नौकांकडेच वळावें लागतें.

राजाचा प्रवास कोठवर झाला, हें कोणीं सांगावें? परंतु ज्या कारागिरांचीं नांवेंही उरलीं नाहींत, त्यांची विद्या या नौकांतून तीन हजारांहून अधिक वर्षें ओलांडून आपणांपर्यंत येऊन पोंचली आहे.