नियतकालिकातील छायाचित्र : तंत्राचा इतिहास आणि सातपुड्यातील माणूस

छायाचित्रणाची प्राथमिक पुस्तके विद्यार्थ्याला काही नियम सांगतात. विषयाच्या जवळ जावे, पार्श्वभूमी साधी ठेवावी, प्रकाश बाजूने घ्यावा, चौकटीत अनावश्यक काही येऊ देऊ नये. हे नियम केवळ सौंदर्यदृष्टीतून आले असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नियतकालिकांच्या बाबतीत ते छापखान्याच्या मर्यादांमुळे अधिक दृढ झाले. प्रस्तुत लेखात पश्चिम भारतातील काही उदाहरणांच्या आधारे या नियमांचा मागोवा घेतला असून, नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी जीवन टिपताना ते कोठे उपयोगी पडतात व कोठे दिशाभूल करतात, याचा विचार केला आहे.

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर 1856 ते 1858 या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालविले. छायाचित्र मजकुराबरोबर छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक अंकात छायाचित्रांच्या मूळ प्रती चिकटवाव्या लागत. ओल्या कलोडियनच्या काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत असल्याने माणसाला निश्चल बसविणे भाग होते. जॉन्सनने पुढे 1863 व 1866 मध्ये मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील सचित्र ग्रंथाचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील अनेक चित्रांत स्टुडिओत बसविलेल्या व्यक्ती स्वतंत्रपणे घेतलेल्या दृश्यावर जोडलेल्या आहेत. माणूस एका जागचा, पार्श्वभूमी दुसऱ्याच ठिकाणची, आणि खाली मथळा समूहाचा. तंत्राची अडचण आणि वर्गीकरणाची वासाहतिक वृत्ती येथे एकमेकींच्या सोयीच्या ठरल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धतीने चित्र बदलले. या पद्धतीत छायाचित्र जाळीतून घेऊन लहानमोठ्या ठिपक्यांत विभागले जाते व त्याचा ब्लॉक तयार होतो. खडबडीत वृत्तपत्री कागदासाठी इंचाला साधारणतः 60 ते 85 रेषांची जाळी वापरीत. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती 120 ते 150 पर्यंत नेता येई. स्वस्त कागदावर शाई पसरते, सावलीतील तपशील काळ्या डागात बुडतात, दूरचे चेहरे ओळखू येत नाहीत. म्हणून जवळून घेतलेला, साध्या पार्श्वभूमीवरचा, छायाप्रकाशाचा भेद स्पष्ट असलेला चेहराच पानावर टिके. ब्लॉकच्या या व्यवसायात चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके होते, हे अनेकदा विसरले जाते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला. मराठी वाचकाला चित्रांसह मासिक वाचण्याची सवय लागली ती याच काळात.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. त्यांचा जन्म 1913 मध्ये नवसारी येथे झाला. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांची मुंबईतील जनजीवनाची छायाचित्रे आली, परंतु आरंभीच्या काळात ती पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. त्यांच्या वापरातील रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात छायाचित्रकार कमरेच्या वा छातीच्या उंचीवरून, मान खाली घालून काचेत पाहतो. परिणामी समोरची व्यक्ती वरून दाबल्यासारखी दिसत नाही. भिंग बदलण्याची सोय नाही, एका रिळात बाराच चित्रे. दुरून खेचून घेण्याची सोय नाही. जवळ जायचे तर माणसाशी बोलावे लागे. यंत्राच्या या उणिवेतून सभ्यतेचा एक शिरस्ता निर्माण झाला असे म्हणता येईल.

आज ऑफसेट छपाईत आणि डिजिटल पानावर बारीक तपशील सहज उतरतात. पार्श्वभूमी पुसण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही. सवय मात्र उरली आहे. लांब भिंगाने दुरूनच चेहरा टिपायचा आणि मागचे डोंगर, घर, शेत धूसर करून टाकायचे, ही जॉन्सनच्या पद्धतीचीच नवी आवृत्ती होय.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी हे याचे उत्तम उदाहरण. होळी पहाटे, सूर्योदयापूर्वी पेटविली जाते. व्रतस्थ नर्तकांच्या कमरेला घुंगरू व दुधी भोपळे, मस्तकी मोरपिसांचे उंच टोप असतात. फ्लॅश वापरला की चेहरा सपाट होतो आणि मागचा समुदाय अंधारात जातो. त्याऐवजी तांबडे फुटताना आकाशाचा व अग्नीचा प्रकाश जवळजवळ समतोल होतो, तो अल्प अवधी साधावा. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाजवळ ठेवल्यास पिसांची हालचालही उमटते. दुपारच्या उन्हात पांढऱ्या वस्त्रामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व सावळा चेहरा काळा पडतो. म्हणून प्रकाश चेहऱ्यावरच मोजावा. परंतु यापेक्षा महत्त्वाची चित्राखालची ओळ. ‘पारंपरिक वेशातील आदिवासी’ एवढेच लिहिले तर उत्तम प्रकाशही जॉन्सनच्या मथळ्यापाशीच येऊन थांबतो. व्यक्तीची संमती घेऊन नाव, गाव व नृत्यातील तिची भूमिका नोंदविणे हा छायाचित्रणाच्या तंत्राचाच भाग मानावयास हवा.

नाव छापले गेल्याने काय घडते, याचे प्रत्यंतर याच जिल्ह्यात मिळते. शहादा तालुक्यातील तेंभली येथे 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. समारंभचित्राच्या रूढ रचनेत देणारा, घेणारा आणि मधले कार्ड एवढेच मावते. गाव चौकटीबाहेर राहते. तथापि पहिल्या आधारधारक रंजना सोनवणे यांचे नाव सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. त्यामुळेच पुढील वर्षांत वार्ताहर त्यांचा शोध घेत पुन्हा तेंभलीस गेले, आणि कार्ड हाती आल्यानंतर आयुष्यात काय बदलले, हा प्रश्न त्यांना नावानिशी विचारता आला.