'ऑल्ट्रुइझम' : एका शब्दाची पावणेदोनशे वर्षे

'ऑल्ट्रुइझम' हा शब्द इतका भारदस्त वाटतो, की तो लॅटिनइतकाच जुना असावा असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात तो शेक्सपिअरला ठाऊक नव्हता, १६११ च्या इंग्रजी बायबलात तो नाही, आणि जेन ऑस्टिनलाही त्यावाचून काही अडले नाही. त्याचे वय जेमतेम पावणेदोनशे वर्षे आहे. त्याचा जनकही आपल्याला ठाऊक आहे : फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत (१७९८-१८५७). शब्दाचा जन्मदाता असा हाती लागणे भाषेच्या इतिहासात क्वचित घडते, आणि म्हणूनच या शब्दाने पुढे काय काय सोसले ते तपासून पाहण्यासारखे आहे.

कोंतने हा शब्द घडवला तो 'दुसरा' या अर्थाच्या मुळापासून. लॅटिनमधील 'आल्तेर', त्यावरून इटालियन 'आल्त्रुई' आणि फ्रेंच 'ओत्र्युई'. हे फ्रेंच रूप तेथील कायद्याच्या भाषेत 'पराचे हक्क', 'पराची मालमत्ता' अशा प्रयोगांत रुळलेले होते. १८५१ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या चार खंडी राजनीतिविषयक ग्रंथात आणि १८५२ च्या 'पॉझिटिव्हिस्ट प्रश्नोत्तरी'त कोंतने 'इगोइझम' या रूढ शब्दाच्या समोर हा नवा शब्द उभा केला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. या शब्दात 'स्व' नाही. स्वचा निषेधही नाही. त्यात केवळ 'पर' आहे.

हे योगायोगाने घडले नव्हते. मनुष्यस्वभाव मुळातच पतित आहे, त्याच्या हातून चांगले घडते ते ईश्वरी कृपेने, असे ख्रिस्ती धर्मपीठ शिकवत आले होते. कोंतला हे मान्य नव्हते. गाल या शरीरशास्त्रज्ञाच्या मेंदूविषयक मतांचा आधार घेऊन त्याने मनोव्यापारांचे एक कोष्टकच तयार केले. त्यात एकंदर १८ शक्ती होत्या. त्यांपैकी १० भावनिक, आणि त्या दहांपैकी ७ स्वार्थमूलक, तर ३ परार्थमूलक : जिव्हाळा, पूज्यभाव आणि दयाळूपणा. गालचे ते शास्त्र केव्हाच निकालात निघाले आहे, आणि हे कोष्टक वाचताना आज हसूही येते. परंतु त्यामागचा दावा हास्यास्पद नाही. दुसऱ्याविषयीची ओढ माणसात जन्मतःच असते, ती संख्येने व बळाने कमी असली तरी जोपासता येते, असे कोंतला म्हणायचे होते. 'ऑल्ट्रुइझम' हे मुळात उपदेशाचे नव्हे, तर माणसाविषयीच्या एका विधानाचे नाव होते.

या विधानामागे एक व्यक्तिगत शोकही होता. क्लोतिल्द द व्हो ही तरुण लेखिका १८४४ मध्ये कोंतच्या परिचयात आली. तिचा नवरा तिला टाकून परागंदा झाला होता, आणि फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटाला बंदी असल्याने तिला दुसरा विवाह शक्य नव्हता. १८४६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती वारली. त्यानंतरच्या कोंतने 'मानवतेचा धर्म' स्थापला. त्याला संत, सण, संस्कार सारे काही दिले. या धर्मात स्त्री ही परार्थभावनेची रक्षणकर्ती ठरली. मात्र तिचे स्थान घरात. जोडीदार गेल्यावर पुनर्विवाह करू नये, असा 'चिरवैधव्या'चा नियमही त्यात होता. स्त्री व पुरुष दोघांनाही. हिंदुस्थानात १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, त्याच्या चारच वर्षे आधी पॅरिसमधला एक विज्ञानवादी हे लिहीत होता, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. स्त्रियांच्या समतेवरून जॉन स्टुअर्ट मिलचे आणि त्याचे पत्रांतून आधीच बिनसले होते. परार्थाची पूजा करणारा हा माणूस परार्थाचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवत होता, हा प्रश्न शब्दाच्या जन्मापासूनच त्याला चिकटला आहे.

इंग्रजीत हा शब्द १८५२-५३ च्या सुमारास आला तो जॉर्ज हेन्री ल्यूइसच्या लेखनातून. ल्यूइस हा जॉर्ज एलियटचा सहचर. तिच्या 'मिडलमार्च'मधील (१८७१-७२) डोरोथियाकडे या अंगाने पाहावे. दुसऱ्यासाठी जगण्याच्या उत्कट इच्छेपोटीच ती कॅसॉबॉनसारख्या शुष्क पंडिताशी लग्न करते आणि त्याच्या कधीही पुऱ्या न होणाऱ्या ग्रंथाच्या सेवेत कोमेजू लागते. एलियटला कोंतविषयी आदर होता. पण या जगण्याची किंमत स्त्री कशी मोजते, हे तिने त्याच्यापेक्षा अधिक नेमके पाहिले होते.

इंग्लंडमधील पॉझिटिव्हिस्टांपैकी रिचर्ड काँग्रीव्हने कोंतची 'प्रश्नोत्तरी' १८५८ मध्ये इंग्रजीत आणली. त्याआधी एक वर्ष, ऐन १८५७ मध्ये, इंग्लंडने हिंदुस्थान सोडावा असे सांगणारी पुस्तिका त्याने छापली होती. त्याच पंथाचे हेन्री कॉटन १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 'पर' या कल्पनेला देशाची सीमा नाही, असे मानणारी थोडी माणसे या शब्दाभोवती होती खरी.

पुढे मात्र शब्दाचा अर्थ सरकू लागला. हर्बर्ट स्पेन्सरने १८७९ च्या नीतिविषयक ग्रंथात त्याची व्याप्ती इतकी वाढवली, की अजाणता घडणारे, केवळ शारीरिक पातळीवरचे कर्मही त्यात बसले. स्वतःचे विभाजन करून संतती निर्माण करणारा सूक्ष्मजीवही त्याच्या लेखी परार्थी ठरला. हेतू गळाला, परिणाम उरला. १९६४ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने नातलगांच्या संदर्भात परार्थाचे गणित मांडले ते याच वाटेने. कामकरी मधमाशीच्या मनात काय आहे, हे विचारण्याचे तेथे कारणच नाही. जीवशास्त्राला हा अर्थ सोयीचा आहे. पण वर्गात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की मोठा घोटाळा होतो.

दुसऱ्या बाजूने एमिल दुर्खाइमने १८९७ मध्ये आत्महत्येचे प्रकार पाडताना एका प्रकाराला हेच विशेषण लावले, आणि पतीमागून मरणाऱ्या हिंदू विधवेचे उदाहरण त्यात घातले. समूहात व्यक्ती पुरती विरघळली की असे होते, हा त्याचा मुद्दा. पण येथे कोणत्या 'परा'चे हित साधले? आणि त्या स्त्रीला कोणी विचारले होते? कोंतला जी माणसाची आतली ओढ वाटली, ती येथे बाहेरचा दाब होऊन बसली आहे, तरी नाव तेच.

मराठीत आपण या शब्दासाठी बहुधा 'निःस्वार्थीपणा' वापरतो, नाहीतर 'परोपकार'. पहिल्याने काय होते? कोंतने टाळलेला 'स्व' मागल्या दाराने परत येतो, आणि चांगुलपणा म्हणजे वजाबाकी ठरते. दुसऱ्यात कृती आहे, ओढ नाही. जेवणावळ घालणाराही परोपकारी म्हणवतो. वास्तविक भर्तृहरीने स्वार्थ आणि परार्थ ही जोडी समोरासमोर ठेवून माणसांचे प्रकार पाडले होते, आणि स्वार्थाला धक्का न लावता परहित करणाऱ्या सामान्य माणसालाही त्यात स्वतंत्र जागा दिली होती. टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त युरोपीय नीतिशास्त्रज्ञांचा समाचार घेताना हीच जोडी वापरली. 'परार्थ' हा शब्द न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानालाही लागतो, हा त्याचा आणखी एक गुण. आम्हां शिक्षकांना तर तो विशेष आवडावा.

तेव्हा 'परार्थवृत्ती' म्हणावे, असे आम्ही सुचवतो. 'त्यागमूर्ती' हे विशेषण मराठी कथा-कादंबऱ्यांतील आयांना आणि विधवांना आपण किती सहज बहाल करत आलो आहोत! त्या पात्रांपैकी कोणात खरोखर परार्थवृत्ती आहे आणि कोणाच्या पदरात नुसताच त्याग टाकला गेला आहे, हे वेगळे काढायला निदान दोन शब्द तरी हाताशी असतील.