'लोगन्स रन' आणि केन लेव्हिन : एका अनिर्मित चित्रपटाचा इतिहास

चित्रपटांचा इतिहास लिहिताना पडद्यावर आलेल्या कृतींचाच विचार बहुधा केला जातो. ज्या कृती ठरल्या, ज्यांचे लेखन कोणाकडे तरी सोपविले गेले आणि ज्या पुढे निघाल्याच नाहीत, त्यांची वासलात एखाद्या तळटीपेत लागते. वस्तुतः अशा कृतींपासूनही इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ शिकण्यासारखे असते. कारण एखादी जुनी कथा कोणाच्या हाती द्यावी असे एखाद्या काळाला वाटले, हे त्यांच्यावरून कळते. प्रस्तुत लेखात अशा एकाच प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. 'लोगन्स रन' हा विज्ञानपट १९७६ साली निघाला. त्याच्या पुनर्निर्मितीची ('रीमेक'साठी हाच शब्द पुढे योजला आहे) पटकथा लिहिण्याचे काम वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेने २०१३ सालच्या जून महिन्यात केन लेव्हिन यांच्याकडे दिले. लेव्हिन हे व्हिडिओ खेळांचे कर्ते होत. तो चित्रपट निघाला नाही. परंतु 'लोगन्स रन'चे खरे पुनर्लेखन लेव्हिन यांनी त्यापूर्वी सहा वर्षे, म्हणजे २००७ साली, आपल्या 'बायोशॉक' या खेळात करून ठेवले होते, असे माझे मत आहे. त्या मताची उपपत्ती लावण्यासाठी आधी मूळ कथेकडे वळले पाहिजे.

'लोगन्स रन' ही कादंबरी विल्यम एफ. नोलन आणि जॉर्ज क्लेटन जॉन्सन या दोघांनी मिळून लिहिली. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्णिलेल्या समाजात कोणालाही एकवीस वर्षांपलीकडे जगण्याची मुभा नाही. प्रत्येकाच्या तळहातावर जन्मतःच एक स्फटिक बसविलेला असतो, दर सात वर्षांनी त्याचा रंग पालटतो, आणि एकविसावे वर्ष पुरे होताच माणसाने आपण होऊन निद्रागृहात जाऊन मरण पत्करावयाचे असते. जे पत्करीत नाहीत ते पळतात. अशा पळणाऱ्यांना गाठून ठार मारणे हे 'सँडमन' नावाच्या शिपायांचे काम. लोगन हा त्यांपैकीच एक. पळणाऱ्यांसाठी 'सँक्चुअरी' नावाचे एक गुप्त आश्रयस्थान आहे अशी वदंता असते. आपला अखेरचा दिवस येताच ते शोधून नष्ट करावे व नाव मिळवून मरावे, या हेतूने लोगन स्वतः पळू लागतो. आणि पळता पळता त्याचे मन बदलते.

व्हिएतनामच्या युद्धात कोवळ्या वयाची मुले पाठविली जात होती आणि विद्यापीठांच्या आवारांत तरुणांची आंदोलने जोर धरीत होती, त्या काळातील ही कल्पना आहे हे वेगळे सांगावयास नको. तिशी उलटलेल्या कोणावरही विश्वास ठेवू नये, ही घोषणा बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या चळवळीतून १९६४ साली पुढे आली होती. नोलन आणि जॉन्सन यांनी ती मनोवृत्ती शेवटच्या टोकापर्यंत ओढून दाखविली, इतकेच.

या कथेवर चित्रपट काढण्याची खटपट साठीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज पाल यांनी केली. ती फळास आली नाही. पुढे एम. जी. एम.ने सॉल डेव्हिड यांची निर्मिती आणि मायकेल अँडरसन यांचे दिग्दर्शन यांखाली तो पूर्ण केला. पटकथा डेव्हिड झेलॅग गुडमन यांची होती. लोगनची भूमिका मायकेल यॉर्क यांनी, जेसिकाची जेनी अगटर यांनी, आणि जगाच्या अवशेषांत उरलेल्या म्हाताऱ्याची पीटर उस्टिनोव्ह यांनी केली. आयुर्मर्यादा एकवीसवरून तीसवर नेण्यात आली. एकवीस वर्षांच्या आतील नटांवरच सारा चित्रपट उभा करणे किती अवघड झाले असते, हे सहज समजण्यासारखे आहे. तेविसाव्या शतकातील घुमटाखालचे नगर म्हणून डलास येथील व्यापारी इमारती आणि फोर्ट वर्थ येथील जलोद्यान यांचा उपयोग करण्यात आला. भविष्यकाळ म्हणून दाखविलेली ही स्थळे म्हणजे सत्तरीच्या दशकातील अमेरिकेचा ताजा वर्तमानकाळ होता. दृश्यचमत्कृतीबद्दल या चित्रपटाला ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी 'स्टार वॉर्स' येऊन ती चमत्कृती जुनी झाली. पुनर्निर्मितीची भूक जी निर्माण झाली तिचे एक कारण येथे आहे; परंतु ते वरवरचे कारण होय.

खरा फरक कथेच्या गाभ्यात पडला आहे. कादंबरीतील आश्रयस्थान खरे आहे. ते मंगळाजवळच्या एका सोडून दिलेल्या अवकाशस्थानकावर आहे, आणि ज्या फ्रान्सिसने लोगनचा सतत पाठलाग केला तोच वेषांतर करून पळणाऱ्यांना तेथे पोहोचविणारा मनुष्य आहे असे शेवटी उघड होते. चित्रपटात आश्रयस्थानच नाही. नगराचा कारभार चालविणारे यंत्र लोगनला सांगते की, १,०५६ पळपुट्यांचा हिशेब लागत नाही. तेव्हा तू पळपुट्याचे सोंग घेऊन त्यांचे ठिकाण शोध. हे सोंग वठावे म्हणून ते यंत्र त्याच्या आयुष्यातील चार वर्षे काढून घेते. ती चार वर्षे परत मिळतील ना, असे तो विचारतो, आणि यंत्र उत्तर देत नाही. सबंध चित्रपटातील सर्वांत भेदक क्षण हा आहे असे मला वाटते. पुढील साऱ्या पाठलागापेक्षा आणि स्फोटांपेक्षा तो अधिक लक्षात राहतो. हे १,०५६ जण बर्फाच्या गुहेत एका बिघडलेल्या यंत्रमानवाने अन्न म्हणून गोठवून ठेविलेले असतात. अखेरीस लोगनला पकडून त्याच्या मनाची झडती घेतली जाते, आणि 'आश्रयस्थान नाही' हे त्याचे उत्तर यंत्राला स्वीकारता येत नाही. त्या एका उत्तराने ते कोलमडते.

म्हणजे कादंबरी म्हणते, आश्रय आहे. चित्रपट म्हणतो, आश्रय नाही, पण घुमटाबाहेर सूर्य आहे आणि माणूस म्हातारा होऊ शकतो. दोहोंतही आज्ञापालन करणारा एक शिपाई आज्ञेच्याच मार्गाने जाऊन आज्ञा मोडतो. हे सूत्र ध्यानात ठेवून आता लेव्हिन यांच्याकडे वळू.

लेव्हिन यांचा जन्म १९६६ सालचा. व्हॅसर महाविद्यालयात त्यांनी नाट्यशास्त्राचा अभ्यास केला आणि पटकथालेखक होण्याच्या इच्छेने लॉस एंजेलिस गाठले. तेथे जम बसला नाही. १९९५ साली ते मॅसॅच्युसेट्समधील लुकिंग ग्लास या खेळ तयार करणाऱ्या संस्थेत शिरले. १९९७ साली जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर यांच्यासह त्यांनी इर्रॅशनल गेम्स ही स्वतःची संस्था काढली. 'सिस्टिम शॉक २' (१९९९) हा तिचा पहिला खेळ. त्यातही नायकाला वाट दाखविणारा आवाज ज्याचा वाटतो त्याचा नसतो. हा विषय लेव्हिन यांच्या मनात किती आधीपासून घर करून होता, ते यावरून दिसते.

'बायोशॉक' २००७ सालच्या ऑगस्टमध्ये आला. अँड्र्यू रायन नावाच्या धनाढ्य उद्योगपतीने अटलांटिक महासागराच्या तळाशी 'रॅप्चर' नावाचे नगर वसविले आहे. सरकार, धर्म आणि समाजाची बंधने यांपासून कर्तृत्ववान माणसांना मोकळे राहता यावे, यासाठी ते आहे. १९६० साली विमान कोसळून खेळाचा नायक तेथे पोहोचतो तेव्हा नगर मोडकळीस आलेले असते. आयन रँड यांच्या विचारांशी चाललेला वाद यात उघड आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने 'लोगन्स रन'शी असलेल्या नात्याकडे दुर्लक्ष झाले. लेव्हिन यांनी मात्र आपल्या प्रेरणांमध्ये ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर'बरोबर 'लोगन्स रन'चे नाव घेतले होते. चांगल्या कल्पना माणसांच्या माणूसपणामुळे कशा बिघडतात, याचे नमुने म्हणून त्यांना ही पुस्तके महत्त्वाची वाटत होती.

साम्य केवळ बंदिस्त नगराचे असते तर ते फारसे सांगण्यासारखे नव्हते. बंदिस्त नगरे या वाङ्मयात डझनांनी आहेत. साम्य आज्ञेचे आहे. खेळणाऱ्याला ॲटलस नावाचा माणूस बिनतारी यंत्रावरून वाट दाखवीत असतो, आणि दर वेळी मोठ्या सौजन्याने, 'कृपा करून एवढे कराल का' अशा विनंतीच्या सुरात, पुढचे काम सांगतो. खेळणारा ते करीत जातो. खेळ म्हटला की सांगितलेले करावयाचेच असते. रायनसमोर उभा राहिल्यावर त्याला कळते की ते सौजन्याचे शब्द म्हणजे आपल्या मनात लहानपणीच रुजविलेली आज्ञेची किल्ली होती. रायन ते शब्द उच्चारून स्वतःलाच ठार मारण्याचा हुकूम देतो, आणि त्या प्रसंगी खेळाची सूत्रे खेळणाऱ्याच्या हातातून काढून घेतली जातात. त्याचे हात चालतात, पण तो चालवीत नाही.

लोगनने यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. चित्रपटाचा प्रेक्षक लोगनची फसवणूक पाहतो. 'बायोशॉक'मध्ये फसविला जातो तो प्रेक्षकच. आणि आश्रयस्थानाविषयी तिसरे मत येथे पुढे येते : आश्रयस्थान आहे, ते बांधले गेले, आणि पळून आलेली माणसे तेथेच एकमेकांना खाऊ लागली. नोलन-जॉन्सन आणि गुडमन यांच्यानंतरचा हा तिसरा पाठ मी मानतो, आणि म्हणूनच पुनर्लेखन २००७ साली झाले असे वर म्हटले.

या मतावर एक आक्षेप संभवतो. क्लिंट हॉकिंग या खेळ-रचनाकाराने २००७ सालीच असे दाखविले की, 'बायोशॉक' खेळताना स्वार्थ साधावा की दया करावी याची निवड खेळणाऱ्याला असते, पण कथेत ॲटलसचे ऐकावे की नाही याची निवड त्याला नसते. खेळ आणि कथा यांचा हा विसंवाद आहे. आक्षेप खरा आहे. रायन मेल्यावरही खेळणारा दुसऱ्या कोणाच्या तरी सूचनांप्रमाणेच पुढे जातो, त्याला लोगनसारखा घुमटाबाहेर पडता येत नाही. परंतु यावरून लेव्हिन यांचे अपयश सिद्ध होण्याऐवजी त्यांच्यापुढील प्रश्न किती अवघड होता हेच दिसते, असे मला वाटते.

आता २०१३ सालाकडे येऊ. 'लोगन्स रन'चे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे कसे आले, हे समजले तर प्रकरणाची व्यापारी बाजू ध्यानात येईल. एम. जी. एम.चा जुना चित्रसंग्रह टेड टर्नर यांनी १९८६ साली घेतला. १९९६ साली टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. हाती आलेल्या जुन्या भांडवलातून नवे काही काढावे अशी इच्छा नंतरच्या काळात वारंवार दिसते. २००४च्या सुमारास ब्रायन सिंगर, २०११ साली निकोलस विंडिंग रेफ्न आणि नायक म्हणून रायन गॉसलिंग, अशी नावे जोडली गेली व सुटली. नंतर लेव्हिन आले. त्यांचा 'बायोशॉक इन्फिनिट' त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध होऊन तीनच महिने झाले होते.

खेळांच्या कर्त्यांनी चित्रपटांकडे वळण्याची उदाहरणे यापूर्वीही होती. ख्रिस रॉबर्ट्स यांनी 'विंग कमांडर' (१९९९) व हिरोनोबु साकागुची यांनी 'फायनल फँटसी'चा चित्रपट (२००१) स्वतः दिग्दर्शित केला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या २०१० सालच्या चित्रपटाची कथा मूळ खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांची होती. मात्र हे सर्वजण आपापल्याच खेळाचा चित्रपट करीत होते. लेव्हिन यांना पाचारण झाले ते दुसऱ्याच्या कथेसाठी, निव्वळ लेखक म्हणून. हा दर्जा खेळांच्या कर्त्याला त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल.

तथापि या दर्जाला दुसरी बाजू आहे. इर्रॅशनलमध्ये लेव्हिन यांचा शब्द अखेरचा होता. 'बायोशॉक'चा चित्रपट गोर व्हर्बिन्स्की यांच्या दिग्दर्शनाखाली काढण्याचे २००८ साली ठरले होते (पटकथाकाराचे नाव जॉन लोगन, हा निव्वळ योगायोग). सुमारे वीस कोटी डॉलर्सचा अंदाज पुढे आठ कोटींवर आला, व्हर्बिन्स्की बाजूस झाले, दुसरा दिग्दर्शक आला. आणि हा प्रकार पसंत न पडल्याने आपण तो चित्रपट थांबविला, असे लेव्हिन यांनी २०१३च्या मार्चमध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच मनुष्याने जूनमध्ये अशा व्यवसायात लेखणी धरली की जेथे पटकथालेखकाला नकाराधिकार नसतो, आणि चित्रपट निघाला नाही तर श्रेयनामावलीही नसते. तरुणपणी त्या गावातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला हे बोलावणे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

२०१४च्या फेब्रुवारीत लेव्हिन यांनी इर्रॅशनल गुंडाळली आणि सुमारे पंधरा सहकाऱ्यांसह लहान संस्था उभारण्याचे ठरविले. खेळणाऱ्याच्या वर्तनानुसार प्रत्येक वेळी निराळी जुळणारी, कथेच्या सुट्या तुकड्यांची रचना त्यांना शोधावयाची होती. म्हणजे एका ओळीत सरळ जाणाऱ्या कथेचा त्यांना कंटाळा येत होता, नेमक्या त्याच सुमारास त्यांच्याकडे सरळ रेषेतील कथेचा सर्वांत कडक प्रकार, म्हणजे चित्रपटाची पटकथा, आला होता. ही विसंगती दुर्लक्षण्यासारखी नाही. २०१५ साली 'लोगन्स रन'चे काम सायमन किनबर्ग यांच्याकडे गेल्याची घोषणा झाली, आणि लेव्हिन यांचे प्रकरण मिटले. त्यांची पटकथा प्रसिद्ध झालेली नाही.

मूळ लेखकांपैकी जॉन्सन २०१५ साली आणि नोलन २०२१ साली वारले. 'ओशन्स इलेव्हन' (१९६०) या चित्रपटाची कथाही जॉन्सन यांनी दुसऱ्या एका लेखकासमवेत रचली होती, आणि तिची पुनर्निर्मिती २००१ साली होऊन गाजली; 'लोगन्स रन'ला ते भाग्य दोघांच्याही हयातीत लाभले नाही. २०२२ साली नेटफ्लिक्सने 'बायोशॉक'वर चित्रपट काढण्याचे जाहीर केले. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, आणि पटकथा मायकेल ग्रीन यांची.