एक विद्या, दोन पदव्या: भारतात ‘संगणकशास्त्र’ आणि ‘माहिती तंत्रज्ञान’ वेगळे कसे झाले?

१/
सीईटीचा निकाल लागतो, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा अर्ज उघडतो आणि महाराष्ट्रातील हजारो घरांत पसंतीक्रम भरताना एकच प्रश्न अडतो: आधी ‘कॉम्प्युटर’ की आधी ‘आयटी’? बहुतेक वेळा त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या कटऑफवरून ठरते. वास्तविक ही दोन नावे दोन निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या गरजांतून भारतात आली. त्यांचा इतिहास ठाऊक असला की चार वर्षांचा हा निर्णय अधिक डोळसपणे घेता येतो.

२/
प्रारंभ नावांच्या कुळापासून करावा लागेल. संगणकशास्त्राचे मूळ गणितात आहे. कोणती गोष्ट यांत्रिक रीतीने मोजता येते आणि कोणती येत नाही, हा प्रश्न ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये मांडला, तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक अस्तित्वातही नव्हता. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये संगणनाची पदविका सुरू केली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

३/
‘माहिती तंत्रज्ञान’ या संज्ञेचा जन्म मात्र व्यवस्थापनशास्त्राच्या अंगणातला. हॅरॉल्ड लेव्हिट आणि थॉमस व्हिस्लर यांनी १९५८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. नव्या यंत्रांमुळे १९८०च्या दशकात कंपन्यांचे व्यवस्थापन कसे बदलेल, हा त्याचा विषय. त्या लेखात ही संज्ञा अवतरली. एका नावामागे ‘काय मोजता येईल?’ हा प्रश्न होता, दुसऱ्यामागे ‘हे यंत्र संस्थेच्या कामी कसे लावता येईल?’ हा. पुढचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

४/
भारतात संगणक आला तेव्हा त्याची पदवी देणारे कोणीच नव्हते. १९५५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटिश बनावटीचा ‘एचईसी-२एम’ बसवण्यात आला. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी संगणक आकार घेत होता. सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे ते यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. ते बांधणारे लोक गणित, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकून आले होते. संगणक त्यांनी हाताळता हाताळता आत्मसात केला.

५/
शिक्षणाची खरी मुहूर्तमेढ रोवली गेली ती कानपूरला. अमेरिकी सहकार्याने उभ्या राहत असलेल्या तेथील आयआयटीत १९६३ मध्ये ‘आयबीएम १६२०’ दाखल झाला. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष यंत्रावर आज्ञावली चालवण्याची संधी मिळू लागली, देशभरातील प्राध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी अल्पमुदतीचे वर्ग भरू लागले. व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांनी स्वस्त पाठ्यपुस्तके लिहून ही विद्या कानपूरच्या बाहेर नेली. तरीही विषयाचे घर विद्युत अभियांत्रिकीच्या आश्रयालाच होते.

६/
स्वतंत्र ओळख सावकाश मिळाली. कानपूरला १९७१ मध्ये संगणकशास्त्राचा आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये बी.टेक.चे प्रवेश झाले. पदवी तेव्हा पाच वर्षांची असल्याने पहिली तुकडी १९८३ मध्ये बाहेर पडली. पहिल्या संगणकापासून पहिल्या पदवीधरापर्यंत कानपूरला वीस वर्षे लागली. जागा मोजक्या, अभ्यासक्रम गणिताने भरलेला आणि रोख संशोधनाकडे, असे या पदवीचे आरंभीचे रूप होते.

७/
विद्यापीठांच्या भिंतींबाहेर निराळेच चित्र होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली होती. विमा आणि बँका या क्षेत्रांत यंत्रे नोकऱ्या गिळतील या भीतीने कामगार संघटना रस्त्यावर उतरत होत्या. हा प्रश्न इतका तापला की अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील व्यवसाय गुंडाळला आणि त्यांच्या यंत्रांच्या देखभालीचा भार सरकारी ‘सीएमसी’वर आला. आता कंपायलर लिहिणाऱ्यांपेक्षा यंत्रणा उभारून ती चालवणारी माणसे अधिक संख्येने हवी होती.

८/
ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे एमसीए. मनुष्यबळाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राजारामन समितीच्या शिफारशीतून १९८०च्या दशकाच्या आरंभी हा अभ्यासक्रम आला. विज्ञान, वाणिज्य अशा निरनिराळ्या शाखांच्या पदवीधरांना तो तीन वर्षांत संगणकाच्या उपयोजनाकडे नेत असे. ‘शास्त्र’ आणि ‘उपयोजन’ यांतील भेद भारतीय शिक्षणव्यवस्थेने प्रथम इथे औपचारिकपणे मान्य केला. माहिती तंत्रज्ञानाची पदवी यायला अद्याप अवकाश होता, पण तिची जागा आखली गेली होती.

९/
त्याच दशकात पायाभूत बदल घडले. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली. सीएमसीने उभारलेली रेल्वे आरक्षणाची संगणकीय यंत्रणा १९८६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली आणि सामान्य माणसाला संगणकाचा उपयोग प्रथमच तिकीट खिडकीवर दिसला. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. पुढे याच महाविद्यालयांत ‘आयटी’ शाखा फोफावणार होती.

१०/
१९९१ च्या आर्थिक सुधारणा, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आणि दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’ची धास्ती या तिन्हींचा एकत्रित परिणाम प्रचंड होता. वर्ष दोनच अंकांत नोंदवणाऱ्या जुन्या आज्ञावली २००० साली कोलमडतील, या भीतीपोटी पाश्चात्त्य कंपन्यांना त्या ओळीन् ओळ तपासून घ्यायच्या होत्या. काम अफाट होते आणि ते करणारी माणसे भारतात होती. ‘आयटी’ ही दोन अक्षरे मध्यमवर्गीय घरांत सुबत्तेचा समानार्थी शब्द बनली.

११/
राज्यसंस्थेनेही हेच नाव उचलले. मे १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. हैदराबाद, बंगळूर आणि अलाहाबाद येथे ‘आयआयआयटी’ उभ्या राहिल्या. १९९९ मध्ये स्वतंत्र मंत्रालय निर्माण होऊन ते प्रमोद महाजन यांच्याकडे आले आणि २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा संमत झाला. मंत्रालय, कायदा, उद्योग या सर्वांचे नाव एकच. मग पदवीचेही तेच होणे ओघानेच आले.

१२/
नव्या शतकाच्या उंबरठ्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ‘माहिती तंत्रज्ञान’ शाखेचे फलक झळकू लागले. यामागे एक प्रशासकीय कारणही होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद प्रवेशक्षमता शाखानिहाय मंजूर करते. त्यामुळे नवी शाखा म्हणजे नव्या जागा. पुष्कळ ठिकाणी प्रयोगशाळा सामाईक राहिल्या, शिकवणारेही बव्हंशी संगणक विभागातलेच. नाव नवे होते, परंतु त्यामागची स्वतंत्र विद्याशाखा अद्याप घडायची होती.

१३/
नाव आणि आशय यांतील अंतर संस्थांच्या रचनेतही उमटले. हैदराबादच्या आयआयआयटीच्या नावात ‘माहिती तंत्रज्ञान’ आहे, पण तिची प्रमुख पदवी संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीची. अलाहाबादने मात्र थेट ‘आयटी’चीच बी.टेक. दिली. आयआयटी मुंबईत माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र शाळा उभी राहिली आणि काही वर्षांनी संगणकशास्त्र विभागात विलीन झाली.

१४/
सर्वांत बोलका पुरावा ‘गेट’ परीक्षेचा. २००४ ते २००८ या काळात माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका होती. नंतर ती बंद झाली आणि उरली ती ‘संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान’ ही एकच प्रश्नपत्रिका. पदव्युत्तर शिक्षणाच्या दारात देशाने ही दोन नावे वेगळी करून पाहिली आणि पुन्हा एकत्र केली. आयटीच्या विद्यार्थ्यालाही तिथे स्वयंचल यंत्रांचा सिद्धांत आणि कंपायलर यांना सामोरे जावेच लागते.

१५/
मग फरक नाहीच काय? आहे, आणि तो मूळच्या दोन प्रश्नांतूनच आलेला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील एसीएम आणि सहयोगी संस्थांच्या आराखड्याने संगणनाच्या पाच शाखा मानल्या. संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान त्यांतील दोन. पहिलीचा भर अल्गोरिदम, संगणनाचा सिद्धांत, संगणकाची रचना आणि भाषांची घडण यांवर; दुसरीचा नेटवर्क, डेटाबेस, वेब, सुरक्षा आणि वापरणाऱ्या संस्थेच्या गरजा यांवर. भारतीय अभियांत्रिकीत मात्र दोन्ही अभ्यासक्रमांचा मोठा भाग सामाईक राहिला. प्रथम वर्ष तर पुणे आणि मुंबई विद्यापीठांत सर्वच शाखांना जवळपास समान. भेद दिसतो तो मुख्यतः वरच्या वर्षांतील काही विषयांत आणि ऐच्छिक विषयांच्या यादीत.

१६/
विज्ञान शाखेकडे वळणाऱ्यांसाठी हा भेद अधिक ठळक आहे. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. संगणकशास्त्रात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची जोड दीर्घकाळ होती, मुंबईच्या बी.एस्सी. आयटीचा कल उपयोजनाकडे राहिला. इथे नावावरून अभ्यासक्रमाचा स्वभाव बऱ्याच अंशी कळतो. अभियांत्रिकीत तसा तो कळेलच असे नाही.

१७/
नावामागे धावण्याची किंमतही इतिहासात नोंदली गेली आहे. मार्च २००० नंतर अमेरिकेतील डॉटकॉमचा फुगा फुटला आणि ज्या दोन अक्षरांसाठी रांगा लागल्या होत्या, तीच अक्षरे अनिश्चिततेची खूण ठरली. पुढे उद्योग सावरला. त्या पडझडीत ‘कॉम्प्युटर’ आणि ‘आयटी’ हा भेद कोणाच्याही कामी आला नाही. भरती थांबली ती दोघांसाठीही आणि पुन्हा सुरू झाली तीही दोघांसाठी.

१८/
आज पसंतीक्रमाच्या यादीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘डेटा सायन्स’, ‘सायबर सुरक्षा’ अशी नवी नावे दाखल झाली आहेत. वाट जुनीच: आधी उद्योगात मागणी, मग सरकारी धोरण, मग शाखेचा फलक आणि सर्वांत शेवटी त्या विषयाचे जाणकार अध्यापक. हा क्रम ओळखणाऱ्या विद्यार्थ्याने फलकापाशी न थांबता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडावा, दोन्ही शाखांचे विषय शेजारी शेजारी मांडावेत आणि ते शिकवणार कोण, याची चौकशी करावी. गणिताची ओढ असेल तर संगणनाचा सिद्धांत कुठे पूर्ण शिकवला जातो, ते पाहावे. यंत्रणा उभारण्यात रस असेल तर नेटवर्क आणि डेटाबेस यांची प्रयोगशाळा पाहावी. एका चांगल्या महाविद्यालयातील आयटी आणि सामान्य महाविद्यालयातील कॉम्प्युटर यांत निवड करायची वेळ आली, तर सत्तर वर्षांचा हा इतिहास पहिल्याच्या बाजूने झुकतो. टिफ्रॅक घडवणाऱ्यांकडे यांपैकी कोणतीच पदवी नव्हती. त्यांच्याकडे होती ती भक्कम पायाभरणी आणि ती करून देणारी संस्था.