प्रसिद्धीपत्रकाची शंभर वर्षे

28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून आगगाडीचे डबे पाण्यात कोसळले. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. अशी बातमी दडपण्याकडेच रेल्वे कंपन्यांचा तोवर कल असे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे प्रसिद्धी-सल्लागार आयव्ही ली यांनी मात्र कंपनीचे निवेदन आपण होऊन वृत्तपत्रांकडे धाडले आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते जसेच्या तसे छापले. प्रसिद्धीपत्रकाचा आरंभ बहुधा येथूनच मानतात.

पुढे पत्रकातील माहिती आटली, विशेषणे फुगली. (आम्हा साहित्यमंडळांची पत्रकेही याला अपवाद नाहीत.) फेब्रुवारी 2006 मध्ये पत्रकार टॉम फोरेम्स्की यांनी वैतागून पत्रकाच्या मरणाचीच मागणी केली: तथ्ये, अवतरणे, दुवे सुटे करून द्या, बातमी आम्ही रचू. त्याच वर्षी मे महिन्यात टॉड डेफ्रेन यांनी तसा आराखडा सिद्ध केला. त्यात छायाचित्रे, ध्वनिफिती आणि वाचकांच्या अभिप्रायालाही जागा होती.

सोय मोठीच झाली. परंतु ली यांचे निवेदन छापावे की नाही, हे निदान संपादक ठरवीत असे. समाजमाध्यमांवरचे पत्रक थेट वाचकाच्या हाती पडते. त्यातले खरेखोटे पारखण्याचे काम कोणाकडे, हे त्या आराखड्यात आम्हांस कोठे आढळले नाही.