हातात आलेला शत्रू आणि क्रांतीची कसोटी

व्हिक्टर ह्यूगो म्हटले की मराठी वाचकाला 'ले मिझराब्ल' आठवते. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावाने ती मराठीत आणली. त्यामुळे भाकरी चोरल्यामुळे तुरुंगात गेलेला जाँ व्हालजाँ आपल्याला परका वाटत नाही. याच ह्यूगोची शेवटची कादंबरी मात्र आपल्याकडे फारशी चर्चेत नसते. तिचे नाव 'त्र्याण्णव'. १८७४ साली ती प्रसिद्ध झाली. नावातले त्र्याण्णव म्हणजे १७९३, फ्रेंच राज्यक्रांतीचे सर्वांत कठीण वर्ष.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवट मला भाबडा वाटला होता. हाती लागलेला क्रूर शत्रू कुणी सोडून देतो का? आणि त्याच्या बदल्यात स्वतःची मान गिलोटिनखाली ठेवतो का? पुढे काही वर्षांनी ती पुन्हा वाचली. ह्यूगोने ती कधी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली, हे तोवर कळले होते. त्या वेळी माझे मत बदलले. क्षमेचे गोडवे गाणारी ही कादंबरी नाही. क्षमेची किंमत किती आणि ती कुणी चुकवायची, हा तिचा प्रश्न आहे.

गरिबांचे गरिबांविरुद्ध युद्ध

२१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. युरोपातली राजघराणी फ्रान्सवर चालून आली होती. सैन्य कमी पडत होते, म्हणून फेब्रुवारीत तीन लाखांच्या लष्करभरतीचा हुकूम निघाला. मार्चमध्ये पश्चिम फ्रान्समधल्या वाँदे भागातील शेतकरी बंड करून उठले.

हे बंड उमरावांच्या डोक्यातून निघालेले नव्हते. क्रांतीने सरंजामशाही मोडली होती, ती याच शेतकऱ्यांच्या मानेवरची. मग ते तिच्यावर का उलटले? १७९० मध्ये नव्या सरकारने चर्चचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पाद्र्यांना राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. वाँदेतल्या बहुसंख्य पाद्र्यांनी ती नाकारली. गावाने मानलेला पाद्री गेला आणि सरकारने पाठवलेला परका माणूस आला. चर्चच्या जमिनी विकायला निघाल्या, त्या प्रामुख्याने शहरातल्या पैसेवाल्यांनी घेतल्या. वरून मुलगे युद्धावर पाठवण्याचा हुकूम आला. शेतकऱ्याच्या पदरात क्रांतीने टाकले काय, तर हे.

सरकारने १९ मार्चच्या कायद्याने उत्तर दिले. हत्यारासह सापडलेल्या बंडखोराला चोवीस तासांत मृत्युदंड. बंडखोरांनीही कैद्यांच्या कत्तली केल्या. या यादवीत लाखाहून अधिक माणसे गेली. कादंबरी या काळात घडते.

तीन मुले आणि एक लोखंडी दार

कथेत तीन मुख्य माणसे आहेत. राजाच्या बाजूने लढणारा म्हातारा मार्क्विस लांतनाक. त्याचाच नातेवाईक, पण क्रांतीच्या फौजेचा तरुण सेनापती गोव्हाँ. आणि लहानपणी गोव्हाँला शिकवलेला, धर्मगुरूचे वस्त्र उतरवून क्रांतीत आलेला सिमुर्दाँ. सिमुर्दाँला पॅरिसहून सार्वजनिक सुरक्षा समितीने पाठवले आहे. त्याच्या हातात एक हुकूम आहे: बंडखोर पुढाऱ्याला जो सोडेल, त्यालाही मृत्युदंड.

चौथी व्यक्ती आहे मिशेल फ्लेशार. युद्धात नवरा गमावलेली, तीन लेकरांना घेऊन रानात लपलेली शेतकरी बाई. राजा कोण, प्रजासत्ताक म्हणजे काय, आपण कोणत्या बाजूच्या, हे तिला सांगता येत नाही. क्रांतीची एक पलटण या मायलेकरांना आसरा देते. पुढे लांतनाकची माणसे त्या पलटणीची कत्तल करतात, या बाईलाही गोळी घालतात आणि मुलांना ओलीस ठेवतात.

शेवटी लांतनाक एका जुन्या बुरुजात कोंडला जातो. आत एकोणीस जण, बाहेर साडेचार हजार. तो भुयारी वाटेने निसटतो. मागे राहिलेला त्याचा एक माणूस मरता मरता इमारतीला आग लावतो. वरच्या ग्रंथालयात तिन्ही मुले झोपलेली आहेत. दार लोखंडी, सैनिकांकडे शिडी नाही. गोळीतून वाचलेली आई मुलांना शोधत तिथे येते आणि आग पाहून टाहो फोडते.

तो टाहो लांतनाक ऐकतो. तो आता मोकळा आहे, पुढे रान आहे. पण त्या लोखंडी दाराची किल्ली त्याच्या खिशात आहे. तो परत फिरतो, दार उघडतो, आतली शिडी बाहेर सोडतो आणि मुलांना एकेक करून सैनिकांच्या हाती देतो. मग स्वतः खाली उतरतो. सिमुर्दाँ त्याला अटक करतो.

त्या रात्री गोव्हाँ झोपू शकत नाही. या माणसाने गावे जाळली, बायकांना गोळ्या घातल्या. पण तो पकडला गेला तो गुन्हा करताना नव्हे, तर तीन गरीब मुलांसाठी स्वतःचा जीव पणाला लावताना. त्याला याच क्षणी मारले, तर जगाला काय दिसेल? राजाचा माणूस मुलांसाठी परतला आणि समतेच्या नावाने लढणाऱ्यांनी त्याचे मुंडके उडवले. गोव्हाँ कोठडीत जातो. लांतनाकला जराही पश्चात्ताप नाही, तो उलट क्रांतीलाच शिव्या घालतो. तरीही गोव्हाँ आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो आणि त्याला बाहेर काढून स्वतः आत थांबतो.

खटल्यात तीन न्यायाधीश आहेत. एक म्हणतो मृत्युदंड, दुसरा सार्जंट रादूब म्हणतो सुटका. तिसरे मत सिमुर्दाँचे. ज्याला पोरासारखे वाढवले त्याच्याविरुद्ध तो कायद्याच्या बाजूने मत देतो. सकाळी गिलोटिनचे पाते पडते, त्याच क्षणी सिमुर्दाँ स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतो.

भिकाऱ्याचा प्रश्न

इथे कादंबरी संपली असती, तर माझे पहिले मत बरोबर ठरले असते. पण ह्यूगोने सुरुवातीलाच एक प्रसंग ठेवला आहे. पहिल्या वाचनात मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले होते.

लांतनाक फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठे इनाम आहे. तेलमार्श नावाचा भिकारी त्याला ओळखतो. पकडून दिले असते तर त्याचे दारिद्र्य फिटले असते. पण तो त्याला आपल्या झोपडीत लपवतो, कारण समोर एक थकलेला, पाठलाग होत असलेला म्हातारा आहे. दुसऱ्या दिवशी हाच म्हातारा एक वस्ती जाळतो आणि कैद्यांना गोळ्या घालतो. तेलमार्श प्रेतांमधून जिवंत मिशेलला शोधून काढतो. आपल्या दयेतून हे घडले, या जाणिवेने तो हादरून जातो.

म्हणजे दयेचे भयंकर परिणाम होऊ शकतात, हे ह्यूगोला पक्के माहीत आहे. गोव्हाँने सोडलेला लांतनाक उद्या पुन्हा गावे जाळणार नाही, याची हमी कादंबरी देत नाही. खटल्यात गोव्हाँ स्वतःला निर्दोष म्हणत नाही, उलट आपल्याच शिक्षेची मागणी करतो. कायदा चुकीचा आहे, असा त्याचा दावा नाही. कायद्याला जिथे पोचता येत नाही तिथे एक माणूस पोचला आणि त्याचे मोल त्याने स्वतःच्या जिवाने दिले. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे सोपे असते. गोव्हाँची कुर्बानी वेगळी ठरते ती यामुळे.

खरोखर घडलेली क्षमा

असे फक्त कादंबरीत घडते, असे कुणाला वाटेल. १७ ऑक्टोबर १७९३ रोजी शोले इथे बंडखोरांचा पराभव झाला. दुसऱ्या दिवशी सँ-फ्लोराँ गावात त्यांच्याकडे क्रांतीच्या फौजेचे सुमारे पाच हजार कैदी होते. चिडलेले बंडखोर त्यांना मारायला निघाले होते. बंडखोरांचा सेनापती बोंशाँ मरणपंथाला लागला होता. त्याने कैद्यांना सोडण्याचा हुकूम दिला आणि ते सुटले.

यावर प्रजासत्ताकाच्या एका प्रतिनिधीने पॅरिसला कळवले की ही गोष्ट बोलू नये, विसरून जावी. शत्रूकडून जीवदान घेतले, हे क्रांतीला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. शत्रूची क्रूरता प्रचाराच्या कामी येते. त्याची माणुसकी अडचणीची ठरते, कारण मग त्याला राक्षस म्हणता येत नाही. सुटलेल्या कैद्यांत शिल्पकार दाव्हिद दाँझे याचे वडील होते. मुलगा स्वतः प्रजासत्ताकवादी, पण बोंशाँचे स्मारकशिल्प त्यानेच घडवले. ते आजही सँ-फ्लोराँच्या चर्चमध्ये आहे.

१८७१ चे पॅरिस

ह्यूगोच्या वडिलांनी क्रांतीच्या फौजेतून वाँदेत लढाई केली होती. आई नांतची, त्याच मुलखाजवळची. पण ही कादंबरी त्याने लिहिली ती ऐंशी वर्षांपूर्वीच्या आठवणीसाठी नव्हे.

मार्च १८७१ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी कम्युन स्थापन केले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी फौजेने ते चिरडले आणि हजारो माणसांना गोळ्या घातल्या. कम्युननेही आर्चबिशपसह ओलिसांना ठार केले. लूव्हरचे ग्रंथालय जळून खाक झाले. ह्यूगो कम्युनच्या मार्गाशी सहमत नव्हता. तरी ब्रसेल्समधून त्याने जाहीर केले की पराभूतांना माझ्या घरी आसरा मिळेल. त्याच रात्री जमावाने त्याच्या घरावर दगडफेक केली आणि बेल्जियमने त्याला हद्दपार केले.

त्यानंतर गर्न्सी बेटावर बसून, डिसेंबर १८७२ ते जून १८७३ या काळात, त्याने 'त्र्याण्णव' लिहिली. तेव्हा कम्युनचे हजारो कैदी दूर न्यू कॅलेडोनियाच्या बेटावर खितपत होते. ओलीस मुले, जळते ग्रंथालय, हाती आलेला शत्रू, हे सारे तेव्हाच्या फ्रेंच वाचकासाठी सुमारे तीन वर्षांपूर्वीचे होते. १८७६ मध्ये ह्यूगोने सिनेटमध्ये माफीचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. संपूर्ण माफी १८८० मध्ये मिळाली.

दुसऱ्या वाचनानंतर मला सर्वांत जास्त आठवते ती मिशेल. दोन्ही बाजू तिच्याच नावाने लढत होत्या आणि तिला विचारत होत्या, तू कुणाची? तिच्याकडे उत्तर नव्हते, तिच्याकडे तीन मुले होती. मजलुमांच्या नावाने उभी राहिलेली चळवळ त्या मुलांशी आणि हाती आलेल्या शत्रूशी कशी वागते, यावर तिची इन्सानियत ठरते. आपली बाजू न्यायाची आहे, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. आपली बाजू न्यायाची आहे याची ज्यांना पक्की खात्री असते, त्यांनी तर 'त्र्याण्णव' जरूर वाचावी.